हॅशने सुरू होणाऱ्या ओळी

शहराला पाणी कुठून येतं असं विचारलं, तर लोक नळाकडे बोट दाखवतात. त्यात त्यांचं काही चुकत नाही. नळ फिरवला आणि पाणी आलं, की बाकीच्या भानगडीत पडायचं कारण काय? पण त्या नळामागे एकोणीस पंपघरं होती, आणि त्या एकोणीस पंपघरांमागे पाणीपुरवठा कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर, झेरॉक्स यंत्राच्या शेजारी, चाळणीबाई बसलेली असे.

चाळणीबाई हे काही तिचं नाव नव्हे. ते कचेरीने ठेवलेलं, आणि कचेरीने ठेवलेलं नाव एकदा चिकटलं की निवृत्तीच्या हारातूनही सुटत नाही. त्या नावामागे एक आज्ञा होती. आपली गोष्ट त्या आज्ञेचीच आहे, म्हणून ती आधी नीट सांगितलेली बरी.

दर पंपघरात एक चालक असे. तो रोज सकाळी सहाला संगणकावरून एक साधी मजकुराची फाइल कचेरीला पाठवी. कुठला व्हॉल्व्ह किती उघडा, कुठला पंप किती वाजता सुरू आणि किती वाजता बंद, टाकीची पातळी कितीवर ठेवायची, अशा साठ-सत्तर ओळी. या गोष्टी रोज बदलत नाहीत. बदलल्या, तर का बदलल्या हे कुणीतरी विचारायला हवं, आणि ते विचारायचं काम हिचं. सकाळी आठला ती कालची फाइल आणि आजची फाइल समोरासमोर ठेवी आणि काळ्या पडद्यावर 'डिफ' ही आज्ञा देई. ही आज्ञा मोठी गुणी. दोन फायलींत जे सारखं आहे त्याबद्दल अवाक्षर काढत नाही, वेगळ्या ओळी तेवढ्या दाखवते. गेलेल्या ओळीपुढे एका दिशेचा बाण, आलेल्या ओळीपुढे दुसऱ्या दिशेचा. काहीच वेगळं नसलं तर गप्प बसते. घरात असं एखादं माणूस असतं तर किती बरं झालं असतं, असं तिची आत्या म्हणे. घरात त्या दोघीच होत्या, त्यामुळे हा टोला कुणाला हे उघड होतं.

आता मेख अशी, की फाइलीच्या शेवटी चालकांना शेरा लिहायची मुभा होती. ओळीच्या सुरुवातीला हॅश, म्हणजे ती उभ्या-आडव्या रेघांची जाळी टाकली, की यंत्र ती ओळ सोडून देई. पंपाला तिच्याशी कर्तव्य नाही. माणसाला मुभा मिळाली की माणूस ती वापरतो. त्यातून ही एकोणीस माणसं दिवसभर एकटी, भिंतीशी बोलणारी. मग काय विचारता! कुणी लिही, आज धुकं. कुणी लिही, मांजर व्यालं, चार पिल्लं. एकजण तर रोज वरिष्ठांवर दोन ओळींची कविता करी, आणि तीही वाईट करी. हे सगळं रोज नवं, म्हणजे डिफ ते इमानेइतबारे दाखवणार. सकाळी पडद्यावर दीडशे ओळी, आणि त्यांत खरा बदल एखादा.

चार वर्षांपूर्वी त्या दीडशे ओळींत एक खरा बदल बुडाला. कुणीतरी चाळीस टक्क्यांऐवजी चार टक्के लिहिलं. वर मांजराची पिल्लं, खाली कविता, मधे तो बिचारा चार. तिने तो पाहिला आणि तिच्या लक्षात आला नाही. अर्धं उपनगर दुपारपर्यंत कोरडं राहिलं. मुख्य अभियंत्यांनी तिला उभं करून सगळ्यांदेखत झापलं. त्या दिवशी ती जेवायलाही उठली नाही. तिने डिफची माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून वाचायला घेतली आणि संध्याकाळपर्यंत तिला ती अट सापडली. एक डॅश, एक मोठा आय, आणि त्यापुढे अवतरणात एक नमुना. फरक नमुन्यात बसणाऱ्या ओळींपुरताच असेल तर तो फरक मानू नकोस, अशी ती अट. तिने नमुना दिला तो दोनच चिन्हांचा, टोपी आणि हॅश. टोपी म्हणजे टोपीसारखं दिसणारं टोकदार चिन्ह, त्याचा अर्थ ओळीची सुरुवात. ज्या ओळीच्या सुरुवातीला हॅश आहे ती बदलली काय, वाढली काय, गेली काय, मला सांगू नकोस.

दुसऱ्या दिवशी दीडशे ओळींच्या तीन झाल्या. तिन्ही खऱ्या. आठवड्याभराने मुख्य अभियंते स्वतः तिच्या टेबलापाशी आले, पडद्याकडे बघून म्हणाले, "चोथा वर राहिला, रस खाली आला. चांगली चाळणी लावलीत," आणि मागे उभ्या असलेल्या लोकांनी नाव उचललं. तिला राग आला नाही. खरं सांगायचं तर तिला अभिमान वाटला. आणि तिचं काही चुकलं होतं असं तेव्हा कुणीच म्हणालं नसतं.

पुढची चार वर्षं सुरळीत गेली. मग एका दुपारी सात नंबरच्या पंपघरातला उजवा पंप बसला. बेअरिंग फुटलं, दांडा अडकला, मोटर जळली आणि तिच्याबरोबर दोन्ही पंपांचा वीजफलकही. दोन वस्त्या आणि एक इस्पितळ तीन दिवस टँकरवर. वर्तमानपत्रात फोटो आले. रिकाम्या बादल्यांची रांग दिसली की वाचणाऱ्याला संताप येतो आणि वरच्या साहेबाला फोन येतो. वरच्याने खालच्याला फोन केला, खालच्याने त्याच्या खालच्याला, आणि खापर घरंगळत घरंगळत सगळ्यांत खालच्या पायरीवर येऊन थांबलं. त्या पायरीवर सात नंबरचे काका उभे होते.

सात नंबरचे काका म्हणजे तिथले चालक. अठ्ठावीस वर्षं तेच पंपघर. तिने त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं, दोनदा फोनवर आवाज ऐकला होता तेवढाच. त्यांच्यावरचा आरोप सरळ होता. बेअरिंग एका दिवसात फुटत नाही. ते आधी महिना-महिना कुरकुरतं. जवळ बसलेल्या माणसाला ते ऐकू आलं असलंच पाहिजे, आणि त्याने कळवलं नाही. हे सिद्ध झालं की बडतर्फी.

मुख्य अभियंत्यांनी तिला बोलावलं. "कागद सगळे तयार आहेत. तुमचा दाखला तेवढा हवाय. परवा चौकशी आहे."

दाखला टाइप केलेलाच होता. गेल्या साठ दिवसांत केंद्र क्रमांक सातकडून बिघाडासंबंधी कोणतीही नोंद प्राप्त झालेली नाही. खाली तिच्या सहीसाठी रेघ.

"रोजच्या तुलनेत काय निघालं होतं सातचं?" त्यांनी विचारलं.

"फरक नाही. साठही दिवस."

"झालं तर मग."

ती स्वभावाने चोख. दाखल्याला फायलींच्या प्रती जोडाव्यात म्हणून ती टेबलाशी आली आणि सात नंबरची, पंप बसला त्या दिवसाची, सकाळची फाइल तिने छापायला उघडली. तुलना नव्हे, अख्खी फाइल. चार वर्षांत तिने कुठलीच फाइल अशी पूर्ण उघडली नव्हती. उघडायची गरजच पडली नव्हती. पासष्ट ओळी आकड्यांच्या, आणि त्यांच्याखाली हॅश.

"# आवाज कालपेक्षा वाढला. बाई, उजवा पंप थांबवून डाव्यावर चालवू का? हुकमाशिवाय मला थांबवता येत नाही. दुपारी बारापर्यंत वाट पाहतो."

पंप एक वाजून दहा मिनिटांनी बसला होता.

तिने आदल्या दिवशीची फाइल उघडली. मग त्याच्या आदल्या दिवशीची. झेरॉक्स यंत्रापाशी कुणीतरी कागद अडकला म्हणून तिला हाक मारत होतं, ते तिला ऐकू आलं नाही.

"# उजव्या पंपाचा आवाज आजपासून बदलला. आकडे बरोबर. कान म्हणतो बरोबर नाही."

"# दुरुस्ती विभागाला फोन केला. तापमान विचारलं, सांगितलं. कंपन विचारलं, सांगितलं. दोन्ही मर्यादेत, मग चालू द्या म्हणाले. आवाजाला रकाना नाही."

"# आज स्क्रू ड्रायव्हर लावून ऐकलं. आत वाळू भरडल्यासारखं. पहिली पाच मिनिटं जास्त, मग दबतं."

"# बाई, आपल्या लक्षात आलंच असेल. आपण कामात असाल. या आठवड्यात कुणाला तरी पाठवलंत तर बरं."

अडतीस दिवस. अडतीस दिवसांत एकही नागा नाही. आणि हे सगळे दिवस तिच्या पडद्यावर सात नंबरसमोर काहीच उमटलं नव्हतं, आणि तिने वहीत नेमाने लिहिलं होतं, फरक नाही.

ती मागे मागे जात राहिली. आवाजाच्या आधी दुसरंच काय काय होतं. "# पत्नीचा पाय आता बरा. काठी सुटली." "# मुलीचा निकाल लागला. पास झाली, गणितात वर्गात दुसरी. घरी सांगितलं, बाईंना कळवतो." "# आज लिहिण्यासारखं काही नाही. तरी लिहितो, नाहीतर आपल्याला वाटायचं माणूस जागेवर आहे की नाही." काकांच्या सगळ्या ओळी कुणाला तरी उद्देशून होत्या. हे 'आपण' म्हणजे कोण, ते कळायला तिला थोडा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा तिचे कान तापले.

हे कसं झालं, तेही तिने शोधून काढलं. साडेतीन वर्षांपूर्वी एकदा काकांनी टाकीची पातळी बदलली होती. ती फाइलीतली आकड्यांची शेवटची ओळ. तिला लागूनच खाली शेरा होता, की पायऱ्यांवरचा दिवा गेलाय, पहाटे चाचपडत उतरावं लागतं. आता त्या अटीचा एक बारकावा आहे. एकमेकींना लागून बदललेल्या ओळींचा झुबका डिफ एकत्र धरते, आणि झुबक्यातली प्रत्येक ओळ नमुन्यात बसली तरच तो झुबका लपवते. एक जरी ओळ बाहेरची निघाली तरी सगळा झुबका दाखवते. पातळीच्या आकड्याचं बोट धरून दिव्याची ओळ त्या सकाळी पडद्यावर आली. तिने ती वाचली, भांडारात फोन केला, नवा दिवा रवाना झाला. भांडारवाल्याने दिवा लावताना काकांना सांगितलं, कचेरीतल्या बाईंनी पाठवलाय. बस. त्या एका दिव्यावर काकांनी साडेतीन वर्षं विश्वास ठेवला.

दुपारी ती मुख्य अभियंत्यांकडे गेली. "साहेब, नोंद आहे. शेऱ्यात आहे. अडतीस दिवसांची."

त्यांनी चष्मा काढून पुसला. ते वाईट गृहस्थ नव्हते. कचाट्यात सापडलेला माणूस जसा वागतो तसे वागत होते. "शेरा म्हणजे नोंद नव्हे. नियमात नोंद म्हणजे बिघाडाचा अर्ज, नाहीतर फोन."

"फोनही केला होता त्यांनी."

"विभागाच्या वहीत तो नाही." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "हे बघा. तुमची चाळणी माझ्या मंजुरीने लागली. ती चुकली म्हणालात, तर तुम्ही चुकलात आणि मीही चुकलो. दाखल्यातलं वाक्य नियमाने खरं आहे. खोटं काही लिहायला मी सांगत नाही. उद्यापर्यंत विचार करा."

घरी आत्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसली होती. आईच्या माघारी या आत्यानेच तिला वाढवलं. चाळीस वर्षं शिवणकाम केलेली बाई. बोलताना तिची नजर समोरच्याच्या बाहीच्या शिवणीवर असे. तिने भाचीचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सही केलीस तर ती खोटी होईल?"

"खोटी नाही."

"मग खरी?"

"तशी खरीही नाही गं."

"असलं कापड मी नाही बाई कधी शिवलं." आत्याने एक बटाटा पाण्यात टाकला. "तो माणूस वाचतोय का तू सही केली नाहीस तर?"

"वाचतो. मग माझ्यावर येतं. कदाचित साहेबांवरही."

"साहेबाचं साहेब बघेल. तुझ्यावर किती येतं?"

"ठाऊक नाही."

"ठाऊक नाही म्हणजे ते येऊ देऊनच बघायला हवं," आत्या म्हणाली आणि सुरी पुसायला उठली. "आणि एक सांग, ती तुझी आज्ञा माझ्यावरही लावलीयेस का? परवापासून तीनदा सांगतेय, माझा डावा गुडघा सुजलाय."

तिने वाकून पाहिलं. गुडघा खरंच सुजला होता. तीनदा सांगितलेलं तिला एकदाही आठवेना. तिने बर्फ आणून फडक्यात बांधला आणि बराच वेळ आत्याच्या पायाशी बसून राहिली.

चौकशी तिसऱ्या मजल्यावरच्या लांब टेबलाच्या खोलीत होती. मधे मुख्य अभियंते, एका बाजूला आस्थापनेचे अधिकारी, दुसऱ्या बाजूला बाहेरून बोलावलेल्या एक निवृत्त अभियंता बाई, आणि समोर काका. आवाजावरून तिने उंच माणूस कल्पिला होता. काका बुटके निघाले. इस्त्रीचा सदरा, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. तिला पाहून ते किंचित उठले आणि हसले. ओळखीच्या माणसाकडे बघून हसावं तसं. ते हसणं तिला फार लागलं.

"दाखला?" मुख्य अभियंत्यांनी विचारलं.

"आणलाय. सही केलेली नाही. आधी एक दाखवायचंय."

तिने आपला संगणक भिंतीवरच्या पडद्याला जोडला. डिफ, मोठा आय, टोपी, हॅश, दोन तारखांच्या फायली. तिने एंटर दाबलं. पडद्यावर काही आलं नाही.

"हे मी रोज बघत होते," ती म्हणाली. मग तिने तीच आज्ञा पुन्हा बोलावली, अट पुसली, आणि एंटर दाबलं.

आवाजाची ओळ आली. तिने दुसरी तारीख घातली, तिसरी घातली. आस्थापनेचे अधिकारी आधी खुर्चीत रेलले होते, ते पुढे झाले. ती प्रत्येक ओळ मोठ्याने वाचत होती. अडतिसावी वाचण्याआधी ती पाणी प्यायला थांबली.

"ही शेवटची कधीची?" निवृत्त बाईंनी विचारलं.

"पंप बसला त्याच दिवसाची. सकाळी सहाची."

"उत्तर काय दिलंत?"

"दिलं नाही. मी वाचलीच नाही. यातली एकही वाचली नाही."

मुख्य अभियंते टेबलाकडे बघत म्हणाले, "एकोणीस केंद्रांचे शेरे. मांजरं, कविता. कोण वाचणार एवढं?"

"वाचायला मी होते, साहेब," ती म्हणाली.

संध्याकाळी चारला निकाल आला. काकांवरचा आरोप काढून टाकला. विभागाला खुलासा विचारला. तिला लेखी ताकीद, आणि एक वर्ष बढतीचा विचार नाही. ताकीद हातात घेताना तिला बरं वाटलं. निदान जे झालं ते कुठेतरी लिहिलं गेलं होतं.

काका जिन्यापाशी थांबले होते. ती जवळ गेली. ते आभार मानतील असं तिला वाटलं, आणि मानू नयेत असंही वाटलं.

"बाई, एक विचारू?"

"विचारा ना, काका."

"तुम्ही आत म्हणालात, एकही वाचली नाही. ते आवाजाबद्दलचं ना?"

तिला खोटं बोलता आलं असतं. एक छोटंसं खोटं, कुणाचं काही बिघडवणारं नव्हे. पण ती सकाळपासून खरं बोलत आली होती आणि आता दुसरं काही तोंडातून निघेना. "नाही, काका. सगळ्याच. चार वर्षांच्या. दिव्याची तेवढी दिसली होती, तीही चुकून."

"मुलीच्या निकालाचीसुद्धा नाही?"

"वाचली. परवा वाचली."

"परवा," काका म्हणाले. त्यांनी पिशवीचे बंद उगाच एकदा सोडले आणि पुन्हा बांधले. "मला वाटायचं, तुम्ही कामात असता म्हणून उत्तर देत नाही. घरी हिला पण तेच सांगायचो. वाचतात, पण मोठ्या हुद्द्यावरचं माणूस, किती म्हणून उत्तरं देईल." मग ते जिना उतरू लागले. दोन पायऱ्यांवर थांबून, मागे न बघता म्हणाले, "नोकरी वाचवलीत. ते विसरणार नाही."

ती कठड्याला धरून उभी राहिली. आयुष्यात तिला इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्यांची नोकरी तिने वाचवली होती, आणि रोज सकाळी ज्याच्याशी ते बोलत होते ते माणूस मात्र तिने त्यांच्यापासून काढून घेतलं होतं. ते माणूस कधी नव्हतंच, म्हणून नुकसान कमी होतं असं थोडंच आहे.

दुसऱ्या दिवसापासून तिने अट कायमची काढली. दीडशे ओळी पुन्हा आल्या. आता ती त्या दोनदा वाची, एकदा आकड्यांसाठी आणि एकदा माणसांसाठी. कविता अजून वाईटच होती. मांजराच्या पिल्लांचीही एव्हाना पिल्लं झाली होती. बारा नंबरच्या चालकाला गेलं वर्षभर व्हॉल्व्हचं चाक फिरवताना खांदा दुखत होता, हे तिला नव्याने कळलं, आणि तिथे तिने लांब दांड्याची किल्ली पाठवली. घरी जायला तिला रोज तासभर उशीर होई. आत्या कुरकुरे, पण मनापासून नव्हे.

सात नंबरसमोर मात्र काहीच येत नव्हतं. काका कामावर रुजू होते. फाइल ठीक सहाला येई. पासष्ट ओळी आकड्यांच्या, आणि खाली काही नाही. आता डिफ खरंच गप्प होती, आणि ती गप्प आहे हे तिला सहन होत नव्हतं.

तिला एक सुचलं. तपासलेली फाइल रोज संध्याकाळी केंद्राला परत जाई आणि तिच्यातच सुधारणा करून चालक दुसऱ्या दिवशी पाठवी. एका संध्याकाळी तिने सात नंबरच्या फाइलीच्या शेवटी हॅश टाकला. क्षमा मागावी, तर ती एका ओळीत मावणारी नव्हती. शेवटी तिने लिहिलं, "# काका, आता मी रोज वाचते."

सकाळी पडद्यावर गेलेल्या ओळीचा बाण होता आणि त्यापुढे तिचीच ओळ. काकांनी ती पुसली होती. तिने संध्याकाळी पुन्हा लिहिली. सकाळी पुन्हा पुसलेली. असं नऊ दिवस चाललं. तिने साहेबांना सांगितलं नाही, कुणालाच सांगितलं नाही. पण ओळ पुसायची तर आधी ती दिसावी लागते, एवढ्यावर तिने ते नऊ दिवस काढले.

दहाव्या दिवशी पडद्यावर दोन ओळी होत्या. एक तिची, गेलेली. एक आलेली.

"# डाव्या पंपाचा आवाज. लिहून कळणार नाही. येऊन ऐका."

तिने वही मिटली, साहेबांच्या दारातून "सात नंबरला जातेय" एवढंच सांगितलं आणि बस पकडली. वाटेत ती मनात हिशेब करत होती. डावा गेला तर सातला काहीच उरत नव्हतं. नवा उजवा अजून बसवायचा होता. शेवटच्या थांब्यापासून ती जवळजवळ धावतच गेली. काका दारातच उभे होते. त्यांनी तिला पाणी दिलं, बस मिळाली का विचारलं, आणि पंपापाशी नेलं. हातभर लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर त्यांनी तिच्या हातात दिला. टोक बेअरिंगच्या घरावर, मूठ कानामागच्या हाडावर, असं दाखवलं.

ती ऐकत राहिली. आत एक भरीव, एकसारखी घरघर होती. वाळू नाही, खडखड नाही. तिने श्वास धरून पुन्हा ऐकलं.

"काका, यात काय बिघडलंय? मला तर काही कळत नाही."

"काही बिघडलेलं नाही. ठणठणीत आहे."

तिने मूठ कानावरून काढली. क्षणभर तिला राग आला, धावत आल्याचा. "मग मला कशाला बोलावलंत?"

"अडतीस दिवस मी लिहीत होतो, असा वाजतो, तसा वाजतो. तुम्ही वाचलं असतं तरी काय कळलं असतं, बाई? चांगला कसा वाजतो तेच तुम्हाला ठाऊक नाही." काका सावकाश बोलत होते, आणि बोलताना त्या दिवशी पहिल्यांदाच तिच्याकडे बघत होते. "विभागातल्या कुणालाच नाही. ते आकडे बघतात. आधी हा नीट ऐकून ठेवा. मग मी लिहीन त्याला काही अर्थ."

"किती वेळ ऐकू?"

"कंटाळा येईपर्यंत. आणि त्यानंतर जरा आणखी."

तिने मूठ पुन्हा कानामागे टेकवली आणि डोळे मिटले. काकांनी खुर्ची ओढल्याचा आवाज झाला, मग कळा दाबल्याचा. उद्याच्या फाइलीत ते काहीतरी लिहीत होते. काय, ते तिने वळून पाहिलं नाही. उद्या सकाळी आठला ती वाचणार होती.